वाळू दे

३ ऑक्टोबर

काका,

वर नुसतं 'काका' लिहिलं आहे. पहिल्या कागदावर 'तीर्थरूप' लिहिलं होतं, पण अकरा वर्षांत ज्याला एक ओळ लिहिली नाही त्याला एकदम तीर्थरूप म्हणणं खोटं वाटलं. दुसऱ्या कागदावर 'प्रिय' लिहिलं, ते फार सलगीचं झालं. हा तिसरा कागद आहे. तुम्ही मला चाळणी म्हणायचात ते उगाच नव्हतं.

बातमी अशी की थोरली पुन्हा घाट चढणार आहे.

तुमच्या कानावर आधीच आलं असेल तर हा भाग सोडून द्या. इतकी वर्षं ती शेडच्या मागच्या रुळावर ताडपत्री पांघरून उभी होती. दोन वर्षं तिची दुरुस्ती चालली. बॉयलर दोनदा तपासून झाला. वीस नोव्हेंबरला तिला शंभर वर्षं पूर्ण होतात, त्या दिवशी चार डबे घेऊन ती खिंडीपर्यंत जाईल. शेडचा अर्धा भाग आता संग्रहालय आहे आणि मी तिथेच नोकरी करते. जुने नकाशे, फोटो, दिवे, शिट्ट्या, ज्याला त्याला चिठ्ठी लावून जागेवर ठेवायचं. माझ्यासारखीला याहून बरं काम कुठे मिळणार?

आणि काका, लोक येतात! आई त्यांना धूरखुळे म्हणते. मागच्या आठवड्यात नुसता विस्तव पेटवून पाहायचा होता तर चाळीस जण आले. एक जण फक्त धुरांड्याचे फोटो काढतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या थोरलीचे रिव्हेट मोजतात. नकाशात चौदाशे बारा आहेत, त्यांना चौदाशे अकरा सापडले, तेव्हापासून त्या दर रविवारी येतात. एक दातांचे डॉक्टर आहेत. ते तीस वर्षं इंजिनांचे आवाज टिपून ठेवतात. भट्टीचं दार उघडलं की खूश होतात. म्हणाले, "जन्मभर लोकांना 'आ करा, आ करा' म्हणत आलो. ही एकटी आपणहून करते."

आधी मला कळेना, यांना हवंय तरी काय. माझ्या लेखी थोरली म्हणजे घरातलं माणूस. घरातल्या माणसाचे रिव्हेट कोण मोजतं? आई तर म्हणायचीच, "मी लग्न होऊन आले तेव्हा सवत आधीच घरात होती, आणि तीही गरम डोक्याची." पण हे लोक प्रश्न विचारतात, आणि त्यांचे प्रश्न आता माझ्या डोक्यातून जात नाहीत. चढावर आवाज का बदलतो? वळणावर शिट्टी दोनदा का? मी उत्तरं देते आणि देताना लक्षात येतं की ही सगळी तुम्ही तिघांनी दिलेली आहेत. वर शेडपाशी शाळा नव्हती. आईने पाण्याच्या टाकीवर खडूने अक्षरं गिरवून घेतली, बाबांनी घाटाच्या चढावरून भागाकार शिकवला, आणि तुम्ही आकडे: इंजिनाचे चार ठोके म्हणजे चाकाचा एक फेरा. पुढे खालच्या शाळेत गुरुजींनी विचारलं, शंभर भागिले चार किती? मी म्हणाले, "पंचवीस फेरे." वर्ग महिनाभर हसत होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी परवा एक वेगळाच प्रश्न विचारला. "तुमच्या शेडमध्ये सगळे रेती का म्हणतात? बाजारात वाळू म्हणतात, स्टेशनात वाळू म्हणतात. शेडचं फाटक ओलांडलं की रेती!" मी म्हटलं, "पहिल्यापासून तसंच आहे." नंतर आठवलं, पहिल्यापासून तसं नाही. आपण वाळूच म्हणायचो. कधी बदललं ते मात्र आठवत नाही.

असो. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. त्या दिवसासाठी एक पुस्तिका छापायची आहे. मजकूर तपासायचं काम माझ्याकडे आहे, दहा नोव्हेंबरला तो छापायला जाईल. त्यात थोरलीच्या शेवटच्या फेरीबद्दल चौकशीच्या अहवालातलं वाक्य जसंच्या तसं घेतलं आहे: 'फायरमनच्या हलगर्जीमुळे वाफ कमी पडली व गाडी खिंडीखालच्या कोपर नावाच्या वळणावर अडकली.' शुद्धलेखनाची चूक नाही. फक्त तो फायरमन माझा बाप आहे.

इंजिनात तुम्ही दोघेच होतात. तुमचा भाऊ कोळसा घालत होता, तुम्ही चालवत होतात. बाबा बोलत नाहीत. तुम्ही सांगा, वाफ खरंच कमी होती का?

एवढंच विचारायचं होतं.

— चाळणी


११ ऑक्टोबर

काका,

तुमचं उत्तर आलेलं नाही. टपालाला तुमच्या बंदरापर्यंत चार दिवस लागतात, परत यायला चार. आज आठवा दिवस आहे. म्हणजे उशीर झालेला नाही, मीच घाई करते आहे.

पण थांबवत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे त्या दिवसाच्या कॅसेट सापडल्या. ते तेव्हा पहिल्या डब्यात होते, खिडकीतून माईक बाहेर धरून. चढाची कॅसेट आम्ही काल ऐकली. डॉक्टर, मुख्याध्यापिकाबाई आणि मी, कंदिलांच्या खोलीत, दार लावून.

अकरा वर्षांनी ती श्वास घेताना ऐकली. मी डोळे मिटून मोजायला लागले, आपोआपच. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. काका, एकही ठोका मऊ नव्हता. पहिल्या पुलापासून दगडी भिंतीपर्यंत मी एकशे नव्वद फेरे मोजले आणि शेवटचा पहिल्याइतकाच घट्ट होता. मग कोपर आलं. आणि एकदम चारही ठोके एकमेकांवर पडून फर्रर्र, शिवणाचं यंत्र कापड नसताना पळवावं तसं. मग थांबलं. पुन्हा चार ठणठणीत ठोके, पुन्हा फर्रर्र. तीनदा. मग काहीच नाही. एक प्रवासी म्हणतो, "आता काय, चालत जायचं?" आणि डॉक्टरांचा त्या वेळचा आवाज, "गप्प बसा हो, रेकॉर्डिंग चाललंय!"

बाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "अहवाल लिहिणाऱ्याने हे ऐकलंच नसणार. वाफ कमी पडली की आवाज दमतो, म्हातारा जिना चढतो तसा. हिच्या अंगात जोर भरपूर होता. हिचा पाय घसरलाय."

मी तडक घरी गेले. बाबा कंदिलाची काच पुसत बसले होते. म्हटलं, "बाबा, वाफ होती."

"होती तर होती."

"मग कमी होती म्हणून सही का केलीत?"

"पेन चांगलं होतं."

आई आतून म्हणाली, "विचार, विचार. मी अकरा वर्षं विचारतेय, मला तर पेनाचा रंगसुद्धा कळला नाही."

शेडचे साहेब त्यांना वीस तारखेसाठी बोलावून गेले. नवा ड्रायव्हर चांगला आहे, पण वाफेवर कोपर त्याने कधी काढलेलं नाही, आणि चाळीसला एकच्या चढावर भट्टी राखणारं आता कुणी उरलं नाही. बाबा म्हणाले, "ज्याने वाफ घालवली त्यालाच कशाला?" चिडून नाही, हवापाणी सांगावं तसं. रोज ते थोरलीच्या शेजारून जातात आणि तिच्याकडे बघत नाहीत. गुरुवारी मात्र मी खिडकीतून पाहिलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्यांनी तिच्या पाण्याच्या टाकीवर तळहात ठेवला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

बाईंनी काल जाता जाता विचारलं, "पाय घसरू नये म्हणून तुम्ही काहीतरी करत असाल ना?" मी सांगितलं: चाकापुढे एक पेटी असते, तिच्यातून नळी रुळावर येते, ड्रायव्हर दांडा ओढतो आणि रुळावर रेती पडते, मग चाक धरतं.

"मग त्या दिवशी ती पडली नाही?"

मी म्हटलं, "बघावं लागेल," आणि कप विसळायला गेले. कप विसळलेलेच होते.

— चाळणी


१९ ऑक्टोबर

काका,

मागच्या दोन पत्रांत मी खोटं काही लिहिलेलं नाही. ते पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. पण खरंही लिहिलेलं नाही. वाफेचं उत्तर मला नको होतं. मला दुसरंच विचारायचं आहे, आणि ते तुम्हालाच विचारता येतं.

त्या सकाळी धुकं होतं. वाळू रात्रीच्या दवाने ओली झाली होती. शेडमागच्या शेगडीवर पत्रा ठेवून ती वाळवायची, दाताळ्याने उलटीपालटी करायची, चाळायची आणि बादलीने पेटीत भरायची, हे नवव्या वर्षापासून माझं काम होतं. बारा वर्षांच्या मुलीने शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही असा नियम होता, पण आपण शेडमध्येच राहायचो, तेव्हा तो नियम कुणाला लावणार? त्या दिवशी धूरखुळे आले होते. केसाळ टोपीवाला माईक मी जन्मात पाहिला नव्हता. माझं अर्धं लक्ष तिकडे होतं. वाळू अजून काळपट होती. काळपट म्हणजे ओली, हे मला तुम्हीच शिकवलं होतं.

तुम्ही इंजिनाच्या खिडकीतून वाकलात आणि म्हणालात, "वाळू दे."

मी बादली उचलली, ओतली, झाकण लावलं आणि माईक बघायला पळाले.

दुपारी खबर आली की गाडी कोपरावर अडकली, चाकं जागच्या जागी फिरून रुळाला खड्डे पडले. मी शेगडीपाशी बसले होते. पत्र्यावर थोडी वाळू उरली होती, ती आता वाळून पांढरी झाली होती. तिच्याकडे बघताना मला एकदम ऐकू आलं की तुम्ही दुसरंही काही म्हणाला असाल. वाळू दे. थांब जरा, वाळू दे तिला.

तेच दोन शब्द, काका. मी अकरा वर्षं ते ऐकते आहे. बऱ्या दिवशी तुम्ही वाळू मागता. वाईट दिवशी तुम्ही मला थांबायला सांगता आणि मी थांबत नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही. बाबांनी आळ घेतला, इंजिनावरून उतरले, पंपघरात गेले. तुम्ही बदली मागून समुद्राकाठी डिझेलवर गेलात. मी शाळेत भागाकार करत राहिले.

काल मी डॉक्टरांकडून त्या दिवशीची दुसरी कॅसेट मागून घेतली, सकाळची, शेडमधली. यादीत नोंद करायची आहे म्हटलं. नोंद खरंच केली, म्हणजे ते खोटं नव्हतं. ऐकू येतं ते क्रमाने लिहिते: भट्टीचं दार. फावडं. तुमचा आवाज, "वाळू दे." मुलीचा आवाज, "हो काका." बादलीची कडी. ओतल्याचा आवाज. झाकण. पळणारी पावलं. मुलगी अगदी माईकजवळ येऊन, "ह्याला केस का आहेत?" डॉक्टर, "वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून." तेवढ्यात मागे झाकण पुन्हा वाजतं. मुलगी, "मग ह्याला उकडत नाही?" शिट्टी.

डॉक्टर आणि बाई दोघेही शेजारी बसून ऐकत होते. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा ड्रायव्हर नेमकं काय म्हणाला असेल?"

झालं! ती फीत त्यांनी अठरा वेळा मागे घेतली.

बाई म्हणाल्या, "प्रश्न सोपा आहे. नाम की क्रियापद? 'वाळू' हे नाम असेल तर तो मागतोय. 'वाळणे' हे क्रियापद असेल तर तो थांबवतोय. मला तर क्रियापद वाटतं."

डॉक्टर म्हणाले, "नाम. बाई, इंजिनापाशी उभं राहून व्याकरण कोण करतं?"

"करत नाहीत, म्हणूनच इंजिनं अडकतात."

मग डॉक्टर म्हणाले, "पण ही मुलगी कोण? गोड प्रश्न विचारते." मी म्हटलं, "असेल शेडमधली कुणीतरी." ते दोघे चहाला बाहेर पडले. मी दहा मिनिटं कंदिलांच्या चिठ्ठ्या सरळ केल्या. मग बाहेर जाऊन सांगितलं की ती मी आहे, आणि बादलीही माझीच.

बाईंनी त्यांचा चहा माझ्यापुढे सरकवला. डॉक्टर म्हणाले, "मग आम्हाला काय विचारता? ज्याने म्हटलं त्याला विचारा."

म्हणून विचारते. सोबत माझा पत्ता घातलेलं कार्ड ठेवलं आहे. एकच शब्द लिहा, नाम किंवा क्रियापद. क्रियापद असेल तर पुस्तिकेतलं ते वाक्य मी बदलणार आहे. नवं वाक्य लिहून ठेवलं आहे. त्यात बाबांचं नाव नाही, माझं आहे.

मला सांभाळून घेऊ नका.

— चाळणी


३० ऑक्टोबर

काका,

कार्ड आलं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे चढत जाणारं. आई म्हणाली, "घाटातल्या माणसाचं अक्षर."

मी ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. तरी इथे उतरवते, कारण पुढचं त्यावर आहे:

'नाम. ओली होती हे मला माहीत होतं. पेटी उघडून हात घातला होता. निघायची वेळ टळत होती, लोक फोटो काढत होते, म्हटलं बॉयलरच्या उबेने वरपर्यंत सुटी होईल. नळीतच चिकटली. चौकशीत तुझा बाप माझ्यासाठी मान खाली घालून बसला आणि मी घालू दिली. त्याचं तोंड बघवेना म्हणून निघून गेलो. तुझं काही चुकलं नाही.'

'घालू दिली' इथे मात्र क्रियापद आहे.

पहिल्यांदा मी रडले. मग मला शंका आली. रागावू नका. आपल्या घरात खरं सांगण्यापेक्षा पांघरूण घालायची सवय जास्त, आणि शेवटचं वाक्य तुम्ही लिहिलं नसतंत तर मला शंका आली नसती. म्हटलं, हेही मला सांभाळून घेणंच असेल तर? म्हणून मी गेल्या पत्राची माझी प्रत काढली आणि आवाजांची यादी पुन्हा वाचली.

मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. झाकण दोनदा वाजतं. पहिल्यांदा मी लावलं. दुसऱ्यांदा वाजतं तेव्हा मी माईकपाशी उभी राहून केसांबद्दल विचारते आहे. इतकी वर्षं मी दोन शब्द ऐकत होते, त्यांच्यापुढचं ऐकायचं सुचलंच नाही. डॉक्टरांना ती फीत पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या झाकणाआधी जड बूट आहेत. मग कुणीतरी हात झटकतं, ओली वाळू बोटांवरून झटकावी तसं, दोनदा. मग घसा खाकरून, अगदी हळू, "चालेल."

तुमचाच आवाज आहे. तेव्हा मी विश्वास ठेवला.

संध्याकाळी बाबांना कार्ड वाचून दाखवलं. 'उघडून हात घातला होता' इथपर्यंत ते विळीच्या पात्याला धार लावत होते. मग हात थांबला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं.

"त्याने पाहिलं होतं?"

"हो."

"हात घालून?"

"हो, बाबा. कॅसेटमध्ये आहे."

त्यांनी पातं खाली ठेवलं. मग जे सांगितलं ते असं. कोपरावर गाडी अडकल्यावर बाबांनी खाली उतरून नळी सोडवली, तर आत ओला गोळा. त्यांनी सकाळी तुमचं 'वाळू दे' ऐकलं होतं. भट्टीपाशी वाकलेले असताना त्यांना ते थांबवणंच वाटलं होतं. म्हणजे पोरीने उलटं ऐकलं. चौकशीत वाळूचं नाव निघालं असतं तर पहिला प्रश्न आला असता, पेटी कुणी भरली. म्हणून साहेबांनी "वाफ?" म्हणताच ते म्हणाले, "कमी पडली." तुमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही, तुम्ही खरं बोलाल या भीतीने. आणि दुसऱ्या दिवशी पंपघरात जाण्याआधी शेडमधल्या एकेकाला गाठून सांगितलं, आजपासून रेती म्हणायचं. "म्हटलं, पुन्हा कुणाच्या पोरीचा घोटाळा नको."

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. बाबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यासाठी एक अख्खा शब्द लपवून बसले होते.

मग ते म्हणाले, "म्हणजे मी कुणाला वाचवत होतो?"

"मला."

"आणि त्याला वाटलं, त्याला."

आई दारात उभी होती. म्हणाली, "आणि मला वाचवायचं कुणाला सुचलं नाही. अकरा वर्षं दोन मुक्यांशी संसार केला. एक घरात, एक पत्त्यावर."

बाबा हसले नाहीत. ते खरंच रागावले होते, काका, तेही लिहायला हवं. उठून उभे राहिले. "वेळ टळत होती म्हणे! अकरा वर्षं मी पंपाचा पट्टा बघत बसलो. एकदा तरी बोलायचं होतं त्याने."

मी म्हटलं, "तुम्ही बोललात?"

ते बाहेर गेले. पंपघराकडे नाही, शेडकडे. परत आले तेव्हा तळहात काळे होते.

— चाळणी


८ नोव्हेंबर

काका,

मजकूर परवा छापायला जाईल. ते वाक्य काढलं आहे. त्या जागी आता असं आहे: 'वाफ भरपूर होती. पेटीतली वाळू ओली असल्याने चाकांना पकड मिळाली नाही.' दोन्ही वाक्यं बाबांची. बाईंनी तपासली आणि एक स्वल्पविरामसुद्धा घातला नाही. शेडच्या साहेबांनी डॉक्टरांची कॅसेट स्वतः ऐकली आणि होकारार्थी मान हलवली.

मला तिथे बादलीचा उल्लेख हवा होता, तुमचं नाव न घेता, माझं घेऊन. कारण हुकूम तुमचा असला तरी वाळू काळपट आहे हे मला दिसत होतं आणि "काका, अजून ओली आहे" इतकं मला म्हणता आलं असतं. बाबा म्हणाले, "शंभर वर्षांच्या इंजिनाचं पुस्तक आहे. त्यात तुझी बादली कशाला?" मी म्हटलं, पण खरं आहे. ते म्हणाले, "खरं आहे. घरात ठेव." मी यावर तीन दिवस विचार केला. ठेवली आहे. तुम्हाला हे पत्र लिहिते आहे, म्हणजे घरातच आहे.

आता दुसरं. बाबा वीस तारखेला भट्टीवर उभे राहायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे. ती त्यांनी मला सांगितली आणि मग म्हणाले, "मी सांगितलं असं लिहू नकोस." म्हणून त्यांनी सांगितलेलं नाही. मीच लिहिते आहे की कोपरावर वाळूच्या दांड्यापाशी तुम्ही असायला हवे. नवा ड्रायव्हर म्हणतो, मला आनंदच आहे, मी बाजूला उभा राहून शिकेन. साहेबांनी तुमच्या डेपोला तसं पत्र पाठवलं आहे. आई म्हणते, येणार असतील तर जाड स्वेटर आणायला सांग, समुद्राकाठी राहून माणूस पातळ होतो.

बाबा तुमच्याशी लगेच बोलतील असं मला वाटत नाही. पहिल्या पुलापर्यंत तर नाहीच. पण इंजिनात फार बोलायचं नसतंच, तुम्ही सांगायचात. चढावर सगळे ठोके मोजतात.

मुख्याध्यापिकाबाईंना चौदाशे बारावा रिव्हेट सापडला. वाळूच्या पेटीच्या मागे होता, पेटी उचलल्याशिवाय दिसत नाही. त्या दिवसभर कुणाशी न बोलता हसत होत्या. हे लोक इतक्या लांबून नुसत्या धुरासाठी येतात असं मला वाटायचं. आता वाटतं, कुठेतरी एक कमी भरतंय हे त्यांना सहन होत नाही, आणि ते मोजत राहतात. मला ते आता अगदी आपल्यातले वाटतात.

काल मी शेगडीवर पत्रा ठेवला. नवी वाळू आली आहे, नदीची, बारीक. सकाळपासून तीनदा उलटली, दोनदा चाळली. दुपारी बाबा आले. पत्र्याशेजारी उकिडवे बसले, चिमूटभर उचलून बोटांत चोळली, वास घेतला, परत टाकली. डॉक्टर आणि बाई पलीकडे उभे होते. शेडमधले दोघे-तिघे होते.

बाबा म्हणाले, "वाळू दे."

शेडमधल्या माणसाने अकरा वर्षांनी तो शब्द उच्चारला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे हात दाताळ्यावर तसेच राहिले. मग मी विचारलं, त्या दिवशी विचारायला हवं होतं तसं, सरळ, सगळ्यांदेखत.

"बाबा, नाम की क्रियापद?"

त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मिशीतून हसू निसटलं.

"आज क्रियापद," ते म्हणाले. "तुझा काका आला की नाम."

— तुमची चाळणी